पाया खणण्याआधी चाचणीचर

जुन्या नाशकात वाडा पाडून इमारत उभी करायची तर माती तपासतात, पाणी कुठे लागेल याचा अंदाज घेतात. त्या मातीत आधी कोण नांदून गेले, हे मात्र कोणी विचारत नाही. जेसीबी लागल्यावर ते विचारून उपयोग नसतो, हा आपल्या शहरांचा अनुभव आहे. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी गोदाकाठी मातीच्या गढीवर उत्खनन केले. तळाशी ताम्रपाषाणकाळ, त्यावर सातवाहनकाळ आणि वर मुसलमानी-मराठा अमदानी, असा वस्तीचा क्रम हाती आला. पांडवलेण्यांतल्या उषवदात या दात्याच्या प्राचीन शिलालेखात गोवर्धनच्या विणकर श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण नाणी दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवल्याचे कोरले आहे. व्यवहार दगडावर वाचता येतो. त्या विणकरांची घरे, चुली, खाणेपिणे यांचा पुरावा असेल तर जमिनीतच.

हा पुरावा म्हणजे नुसत्या वस्तू नव्हेत. जमिनीत खणलेल्या चराच्या उभ्या कडा खुरपीने साफ केल्या की राखेचा काळा पट्टा, चोपलेल्या जमिनीची फिकट रेघ, पुराचा बारीक गाळ वेगवेगळे दिसू लागतात. प्रत्येक थराला क्रमांक देतात, त्यातली खापरे त्याच क्रमांकाच्या पिशवीत जातात. थर माहीत असलेले फुटके खापरही काळ सांगते. यंत्राच्या बकेटमधून राडारोड्यात पडलेले अखंड मडकेही बरेचसे मुके होते. म्हणून संपूर्ण उत्खननाचा हट्ट न धरता आधी मोजके अरुंद चाचणीचर घ्यावेत, खाली काय आहे आणि किती खोल आहे ते पाहावे, असे माझे म्हणणे आहे.

यात वेळ जातो, हा पहिला आक्षेप. वेळ जातोच; पण तो आराखडा कागदावर असताना गेलेला परवडतो. १९८९ मध्ये लंडनमध्ये शेक्सपिअरकालीन रोझ नाट्यगृहाचे अवशेष बांधकामाच्या तोंडावर उघडे पडले, काम अडले, इमारतीचा आराखडा बदलावा लागला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये बांधकाम परवानगीआधी अशी पाहणी करून घेण्याचे सरकारी मार्गदर्शन आले. दुसरी भीती जागा सरकारजमा होण्याची. अवशेष मिळाले म्हणून जागा आपोआप संरक्षित ठरत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार आधी अधिसूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत असते. बहुतेक ठिकाणी नोंद, छायाचित्रे आणि नमुने घेतले की बांधकाम पुढे जाऊ शकते. कधी पाया थोडा सरकवावा किंवा तळघर वगळावे लागेल. तो खर्च मालकाच्या एकट्याच्या माथी मारू नये, हेही तितकेच खरे.

म्हणून गावठाणात घर पाडण्याआधीच राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिकमधील कार्यालयाला लेखी विचारावे. चर स्वतः खणू नये. ते परवानगी असलेल्या जाणकार संस्थेचे काम. खोदाईत नाणी किंवा मूर्ती निघाली तर हात थांबवावा, जागेवरच छायाचित्र घ्यावे आणि कळवावे. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. महापालिकेने गावठाणातल्या तळघराच्या परवानगीलाच चाचणीचराची अट जोडावी आणि छोट्या मालकांचा खर्च स्वतः उचलावा. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांसाठी घाट आणि रस्ते खणणाऱ्या यंत्रणांनाही तोच नियम लागू हवा. रस्ता पुन्हा करता येतो, इमारत पुन्हा बांधता येते. उपसलेले थर पुन्हा रचता येत नाहीत.