रोहूची रोगप्रतिकारक जनुके आणि आपले शेततळे

शेततळ्यातील रोहू, कटला सुस्त होऊन कडेला येऊ लागले, अंगावर लाल चट्टे व व्रण दिसले, पोट फुगून खवले उभे राहिले, की बरेच शेतकरी बंधू प्रथम औषधाच्या दुकानाकडे धाव घेतात. या लक्षणांमागे बहुधा एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू असतो. तो बाहेरूनच येतो असे नाही. गोड्या पाण्यात, तळाच्या गाळात, निरोगी माशाच्या आतड्यातही तो असतो. मग एरवी मासे आजारी का पडत नाहीत?

माशाच्या पेशींवर काही प्रथिने पहारेकऱ्यासारखी असतात. त्यांना टोल-सदृश ग्राही म्हणतात. त्यांपैकी पाचव्या क्रमांकाचा ग्राही जिवाणूच्या शेपटीतील फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखतो. ओळख पटली की पेशीच्या केंद्रकाला संदेश जातो व एरवी मंद असलेली जनुके जोमाने काम करू लागतात. काही तासांतच इंटरल्युकिन-१ बीटासारखी संदेशवाहक प्रथिने तयार होऊन पांढऱ्या पेशींना संसर्गाच्या जागी बोलावतात. लायसोझाइम व रक्तातील पूरक प्रथिने मिळून जिवाणूची भिंत फोडतात. यकृतातील हेप्सिडिनचे जनुक जागे होऊन रक्तातील लोह कमी करते, कारण जिवाणूला वाढीसाठी लोह लागते. तणाचे खत तोडावे, तसाच हा प्रकार!

प्रतिपिंडे तयार व्हायला मात्र दोन-तीन आठवडे लागतात. पाणी थंड असेल तर त्याहून अधिक. तोपर्यंत सारी भिस्त या पहिल्या फळीवर असते.

आणि नेमकी हीच फळी आपण मोडतो. दाटी, पहाटे घटणारा प्राणवायू, कुजलेल्या खाद्यातून वाढणारा अमोनिया यांमुळे माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढते. ते दीर्घकाळ चढे राहिले की प्रतिकारक पेशी घटतात व या जनुकांचा प्रतिसाद ढिला पडतो. जाळ्याने अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला, तर लायसोझाइम असलेले पहिले कुंपणच जाते. प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात पाणीबदल कमी होतो, म्हणून तेथे विशेष दक्षता हवी. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडत असतील, तर खाद्य बंद ठेवून ताजे पाणी फवाऱ्याने सोडावे.

प्रतिजैविकाने जनुकांचे काम सुधारत नाही. उलट तळ्यातील जिवाणू निर्ढावतात व मांसात अंश उरतो. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान गटातील औषधांना मत्स्यशेतीत बंदीच आहे.

तांबेरा-प्रतिकारक गहू आपण पेरतो, तसे माशांतही शक्य आहे. भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९२ मध्ये नॉर्वेच्या सहकार्याने रोहूच्या निवड पैदाशीचे काम सुरू केले. त्यातून जलद वाढणारा 'जयंती' रोहू मिळाला. पुढे एरोमोनासला टिकणारी कुळे निवडण्याचे कामही तेथे झाले. तथापि उत्तम बीजही घाण पाण्यात टिकेल, अशी अपेक्षा धरू नये.

तपासणीसाठी मेलेला मासा पाठवू नये. त्यात इतर जिवाणू झपाट्याने वाढतात. आजारी पण जिवंत मासा तळ्याच्या पाण्यासह, पिशवीत प्राणवायू भरून न्यावा. पाण्याचा नमुना वेगळ्या बाटलीत द्यावा.