फोनवर बनवलेली लायब्ररी लोड का होत नाही?

प्रश्न : अँड्रॉइड फोनवर टर्मक्समध्ये सी भाषेतली शेअर्ड लायब्ररी बनवली. कंपाइल नीट होते, पण प्रोग्राम ती लोड करत नाही. चूक कुठे शोधू?

उत्तर : आधी फाइलची जागा पाहा. डाउनलोडसारख्या सामायिक स्टोरेजमधून कोड चालवायला अँड्रॉइड मनाई करते. लायब्ररी टर्मक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा. मग रीडएल्फने तपासा : ती 32 बिटची की 64, आणि तिला आणखी कोणत्या लायब्ररी लागतात? प्रोग्राम आणि लायब्ररी दोन्ही एकाच बिटच्या हव्यात. लागणारी एखादी लायब्ररी सापडत नसेल, तरीही लोडिंग थांबते. लोड होऊन प्रोग्राम कोसळत असेल, तर डीबग माहितीसह पुन्हा कंपाइल करून एलएलडीबी लावा. त्रुटीचा संदेश मात्र शेवटपर्यंत वाचा. कारण बहुधा तिथेच लिहिलेले असते.