नव्या सत्रापूर्वी अध्यापकाची योग्या

विषयप्रवेश

आयुर्वेद महाविद्यालयांचे नवे सत्र सुरू होण्यापूर्वी अध्यापकांसाठी प्रशिक्षणवर्ग भरविण्याचा प्रघात आता चांगला रुळला आहे. दोन-तीन दिवसांच्या अशा वर्गांत नवे नियम, वेळापत्रक, उपस्थितीच्या नोंदी, अंतर्गत मूल्यमापनाचे तक्ते इत्यादींची माहिती दिली जाते. ती आवश्यकच आहे. परंतु वर्गात उभे राहून अध्यापकाला जे प्रत्यक्ष करावयाचे असते, त्याचा सराव या दिवसांत क्वचितच घडतो. हा सराव कसा घडवून आणावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या त्रैमासिकाचे बहुतेक वाचक चिकित्सक अथवा औषधनिर्माणशाळांचे चालक आहेत. अध्यापकांच्या प्रशिक्षणाशी आपला संबंध काय, असा प्रश्न त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महाविद्यालयातून बाहेर पडलेला स्नातक आपल्याच चिकित्सालयात सहायक म्हणून येतो, किंवा आपल्याच निर्माणशाळेत पाकावर उभा राहतो. त्याच्या शिक्षणात राहिलेली उणीव रुग्णाला आणि औषधाला भोगावी लागते. शिवाय आपल्यापैकी अनेकजण अभ्यागत अध्यापक म्हणून महाविद्यालयांत जात असतात. आम्हीही काही वर्षे हे काम केले, आणि त्या काळात आमच्या हातून झालेली एक चूक हेच या लेखाचे निमित्त आहे.

शास्त्राधार

अध्यापनाचा विचार आपल्या संहितांनी बारकाईने केलेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या, रोगभिषग्जितीय अध्यायात शास्त्राची परीक्षा, आचार्याची परीक्षा व शिष्याची परीक्षा क्रमाने सांगितली आहे. आचार्याच्या गुणांत पर्यवदातश्रुत म्हणजे ज्याचे शास्त्रज्ञान निर्मळ आहे तो, परिदृष्टकर्मा म्हणजे ज्याने कर्मे पाहिली आहेत तो, आणि ज्ञापनसमर्थ म्हणजे दुसऱ्याला समजावून देण्यास जो समर्थ आहे तो, असे तीन स्वतंत्र गुण येतात. पहिले दोन असले की तिसरा आपोआप येतो, असे आचार्यांनी गृहीत धरलेले नाही. त्याच अध्यायात अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा हे ज्ञानाचे तीन उपाय सांगितले आहेत. म्हणजे शिकविणे हे शिकविणाऱ्याच्याही ज्ञानवृद्धीचे साधन मानले आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचे नावच योग्यासूत्रीय असे आहे. योग्या म्हणजे कर्माभ्यास. सर्व शास्त्र ऐकून झालेल्या शिष्याकडूनही योग्या करवून घ्यावी, असा तेथे आदेश आहे. छेद्यकर्माचा अभ्यास कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी इत्यादी फळांवर. भेद्यकर्माचा पाणी व चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर. सीव्यकर्माचा जाड्या-बारीक वस्त्रांच्या काठांवर. बंधनाचा कृत्रिम मनुष्याकृतीवर. बस्तिनेत्र प्रविष्ट करण्याचा पाण्याने भरलेल्या घटाच्या तोटीवर, असा तपशील दिलेला आहे. याच सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात केवळ शास्त्र जाणणारा व केवळ कर्म जाणणारा या दोघांनाही एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे.

अध्यापन हेही एक कर्मच आहे. तेव्हा ज्या न्यायाने शिष्याला रुग्णावर हात टाकण्यापूर्वी योग्या हवी, त्याच न्यायाने अध्यापकालाही वर्गावर जाण्यापूर्वी योग्या हवी, असे आमचे मत आहे.

एका बिघडलेल्या पाकाची हकिकत

भैषज्यकल्पनेत आम्ही स्नेहपाक शिकवीत असू. कल्क एक भाग, स्नेह चार भाग, द्रव सोळा भाग हे सामान्य प्रमाण, स्नेहसिद्धीची लक्षणे, मृदू, मध्यम व खर हे पाकभेद, आमपाक व दग्धपाक यांचे दोष, असा पाठ दोन तासांत पूर्ण होई. लक्षणे मुखोद्गत करून घेण्यावर आमचा कटाक्ष होता. कल्काची बोटांत वर्ती होणे, कल्क अग्नीवर टाकला असता तडतड न होणे, गंध-वर्ण-रसाची उत्पत्ती होणे, तैलात फेनोद्गम व घृतात फेनशांती होणे, ही लक्षणे विद्यार्थी एका दमात म्हणून दाखवीत. परीक्षेत उत्तरेही उत्तम येत.

२०१६ साली आमचा एक गुणी विद्यार्थी पदवीनंतर एका औषधनिर्माणशाळेत रुजू झाला. काही महिन्यांतच सुमारे ४० लिटर तिळतेलाचा एक पाक त्याच्या देखरेखीखाली वाया गेला. मालकांनी त्याला शब्दाने दुखविले नाही. पण तो स्वतःच खिन्न होऊन आमच्याकडे आला. काय घडले, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “सर, तेलावर फेस येऊ लागला. फेस शांत झाला की पाक झाला, असे माझ्या डोक्यात होते, म्हणून मी थांबलो.” घृताचे लक्षण त्याने तैलाला लावले होते. ज्या क्षणी अग्नी काढावयाचा, त्या क्षणी तो वाट पाहत राहिला आणि कल्क करपला. अभ्यंगासाठी खरपाक चालतो; परंतु हा पाक खराची मर्यादा ओलांडून दग्धावस्थेला गेला होता, आणि दग्धपाक निष्प्रयोजन व दाहकारक सांगितला आहे.

“कल्काची वर्ती करून पाहिली नाहीस का?” असे विचारता तो म्हणाला, “पाहिली सर. पण वर्ती कशी लागली की बरोबर, ते मला कुठे ठाऊक होते? कॉलेजात प्रात्यक्षिकाला मी तिसऱ्या रांगेत होतो.”

त्या रात्री आम्ही आमची टिपणवही काढून पाहिली. तैल व घृत यांची फेनलक्षणे आम्ही एकाच ओळीत, एकाच श्वासात सांगत आलो होतो. लक्षण पाठ झाले की ते समजले, असे आम्ही मानले. चूक विद्यार्थ्याची नव्हती.

दहा मिनिटांचा पाठ

पुढे त्याच महाविद्यालयाने सत्रापूर्वीच्या प्रशिक्षणवर्गात अर्धा दिवस घेण्यास आम्हास सांगितले. व्याख्यान न देता आम्ही सूक्ष्म अध्यापनाची पद्धत अवलंबिली. ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. आपल्याकडील बी.एड.च्या विद्यार्थ्यांना ती चांगली परिचित आहे. आयुर्वेदाच्या अध्यापकांसाठी तिचा क्रम आम्ही असा ठेवला :

१) प्रत्येक अध्यापकाने येत्या सत्रातील एकच लहान विषयांश निवडावा. विद्यार्थी जेथे हमखास अडतात असा अंश निवडणे उत्तम.

२) तो चार सहकारी व दोन आंतरवासी विद्यार्थी यांच्यासमोर दहा मिनिटांत शिकवावा.

३) श्रोत्यांनी तीन गोष्टी लिहून द्याव्यात : काय समजले, कोठे संदेह राहिला, आणि हे ऐकून आपण प्रत्यक्ष काय करू शकू.

४) अध्यापकाने त्यावर वाद न घालता पाठाची फेरमांडणी करावी व दुसऱ्या दिवशी तोच अंश पुन्हा शिकवावा.

पहिला पाठ आम्हीच दिला, आणि विषय अर्थातच स्नेहपाक होता. या खेपेस आम्ही तैल व घृत यांची लक्षणे वेगवेगळी सांगितली आणि समाधानाने खाली बसलो. तेव्हा एका आंतरवासी विद्यार्थिनीने विचारले, “सर, फेस येतो म्हणजे किती? पाणी उकळताना येतो तो फेस वेगळा कसा ओळखायचा?” आम्हास शब्दांत उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही शेगडी व लहान कढई घेऊन गेलो. जलांश शिल्लक असताना येणारे मोठे, आवाज करणारे बुडबुडे आणि सिद्धीच्या वेळी येणारा बारीक फेस दोन्ही दाखविले. पाक चालू असताना थोड्या थोड्या अंतराने काढलेला कल्क सर्वांच्या हाती दिला. ओलसर, मऊ पण निर्जल, किंचित कठीण, असे त्याचे टप्पे प्रत्येकाने स्वतःच्या बोटांनी अनुभविले. जे दोन तासांच्या व्याख्यानात साधले नव्हते, ते कढईभोवती अल्पावधीत साधले.

पाठाचे परीक्षण

परीक्षण करताना सौजन्य व सत्य दोन्ही राखावे लागतात. येथे चरकोक्त संधाय संभाषेचा आदर्श उपयोगी पडतो. जो ज्ञानी आहे, रागावत नाही, असूया करीत नाही आणि ज्याला समजावता व समजावून घेता येते, अशाशी मोकळेपणाने बोलावे. त्याच्यापुढे पराभवाची भीती बाळगू नये, असा त्याचा आशय आहे. वरिष्ठांनी आपला पाठ प्रथम द्यावा, म्हणजे कनिष्ठांची भीड चेपते.

मतभेदाचे स्थळ आले की त्याचा लाभ घ्यावा. उदाहरणार्थ, नस्यासाठी मृदू, पान व बस्तीसाठी मध्यम, आणि अभ्यंगासाठी खर पाक असे चरकमत आहे. तर सुश्रुतमताने पानासाठी मृदू, नस्य व अभ्यंगासाठी मध्यम, आणि बस्ती व कर्णपूरणासाठी खर पाक आहे. भैषज्यकल्पनेचा अध्यापक एक सांगतो व पंचकर्माचा दुसरे, आणि विद्यार्थी गोंधळतो. सत्रापूर्वी दोघांनी एकत्र बसून दोन्ही मते विद्यार्थ्यांपुढे कशी ठेवावीत हे ठरविले, तर हा गोंधळ टळतो.

२०२१ साली भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आला व त्यानंतरचा अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित झाला. त्यात प्रत्येक विषयांशासाठी विद्यार्थ्याची पातळी नमूद असते : जाणतो, कसे करावे ते जाणतो, करून दाखवितो, प्रत्यक्ष करतो. ही चढती श्रेणी जॉर्ज मिलर यांनी १९९० साली वैद्यकीय शिक्षणासाठी मांडली. तिचा तक्ता भरणे सोपे आहे. परंतु ‘करून दाखवितो’ असे लिहिलेल्या विषयांशासाठी विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय देणार, हे सत्रापूर्वीच ठरले नाही, तर पुन्हा तिसरी रांगच त्याच्या वाट्याला येते.

आपले कर्तव्य

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मोठा पाक वारंवार करणे शक्य नसते. स्नेहसिद्धी एका दिवसात उरकू नये असा शास्त्रसंकेत असल्याने एका तासिकेत तो बसतही नाही. येथे आपण साहाय्य करू शकतो.

औषधनिर्माणशाळांच्या चालकांनी पाकसिद्धीच्या आदल्या दिवशी जवळच्या महाविद्यालयास कळवावे व चार-पाच विद्यार्थ्यांना अध्यापकांसह कढईजवळ उभे राहू द्यावे. एखादा पाक बिघडल्यास तो लपवून न ठेवता त्याचा नमुना शिकविण्यासाठी द्यावा. दग्धपाकाचा वास एकदा घेतलेला विद्यार्थी तो विसरत नाही.

चिकित्सकांनी आपल्याकडे येणाऱ्या नवस्नातकांच्या कोणत्या चुका वारंवार होतात, याची नोंद ठेवावी आणि सत्रारंभापूर्वी ती अध्यापकांकडे पाठवावी. तक्रारीचा सूर नसावा. अशा दहा-बारा नोंदी हाती आल्या, तर कोणता विषयांश सरावासाठी निवडावा हे अध्यापकास शोधत बसावे लागणार नाही.

समारोप

आमचा तो विद्यार्थी आज स्वतःची लहान निर्माणशाळा चालवितो. प्रतिवर्षी दोन-तीन पाकांच्या वेळी तो आंतरवासी विद्यार्थ्यांना बोलावतो, आणि कल्क प्रथम त्यांच्या हाती देतो, मग स्वतः पाहतो. आम्ही वर्गात जे केले नाही, ते तो करीत आहे. येत्या सत्रापूर्वी आपल्या गावातील महाविद्यालयात असा एक दिवस तरी घडावा, यासाठी वाचक वैद्यांनी पुढाकार घ्यावा, ही विनंती.

अलमतिविस्तरेण।