घरची भाषा, शाळेची भाषा आणि अनुदानाचा अर्ज



पहिलीच्या वर्गात एखादे मूल महिनोन् महिने गप्प बसते. आपण दोन-चार वेळा प्रश्न विचारतो, उत्तर येत नाही. मग त्याला मागच्या रांगेत बसवितो व मनाशी ‘मंद’ असा शेरा मारतो. पुष्कळदा ते मूल मंद नसते. शाळेची भाषा त्याच्या घरची भाषा नसते, एवढेच. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी वा माडिया, नंदुरबारकडील भिली बोलणारी मुले आपणांस परिचित आहेत.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इंग्रजी ही ज्यांच्या घरची भाषा नाही, अशा मुलांकरिता शाळांना स्वतंत्र अनुदान मिळते. ते मागण्याची रीत या पाठात पाहावयाची आहे. अर्ज हा कारकुनी विषय वाटेल. परंतु त्याचे मूळ शिक्षकाने केलेल्या एका नोंदीत आहे, हे अखेरीस ध्यानात येईल.

१. पार्श्वभूमी

तेथील ‘शाळा-जिल्हा’ म्हणजे आपल्यासारखा महसुली जिल्हा नव्हे. काही गावे किंवा एखादे शहर मिळून शाळा चालविणारा तो एक घटक असतो आणि बहुधा लोकनियुक्त शाळा-मंडळ त्याचा कारभार पाहते.

१९६८ साली द्विभाषिक शिक्षणाचा कायदा झाला. त्या वेळी अनुदान स्पर्धेने मिळत असे. ज्याचा प्रस्ताव सरस, त्याला पैसा. पुढे २१ जानेवारी १९७४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्याचा निकाल दिला. सॅन फ्रान्सिस्को येथील सुमारे १८०० चिनी वंशाच्या मुलांना इंग्रजी येत नव्हते आणि ते शिकण्यासाठी कोणतेही खास साहाय्य मिळत नव्हते. सर्वांना तीच पुस्तके, तोच वर्ग व तेच गुरुजी दिले म्हणजे समान वागणूक झाली असे होत नाही. ज्याला भाषाच कळत नाही त्याला शिक्षणापासून वंचित ठेवल्यासारखेच ते आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

२००२ साली अंमलात आलेल्या कायद्याने स्पर्धेची पद्धत बदलून मुलांच्या संख्येनुसार वाटणी सुरू केली. २०१५ च्या कायद्यानेही तीच चौकट ठेवली.

२. पैशाची वाटणी

२०२४ या आर्थिक वर्षात या कामासाठी केंद्राने सुमारे ८९ कोटी डॉलर मंजूर केले होते. राज्यांचा वाटा ठरविताना ८० टक्के भार इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या संख्येला व २० टक्के भार परदेशांतून नव्याने आलेल्या मुलांच्या संख्येला दिला जातो. राज्याने आपल्या वाट्यापैकी किमान ९५ टक्के रक्कम शाळा-जिल्ह्यांकडे पोचवावी लागते.

दहा हजार डॉलरपेक्षा लहान अनुदान दिले जात नाही. समजा, दर मुलामागे १२० डॉलर पडतात आणि एखाद्या लहान जिल्ह्यात अशी ४० मुले आहेत. त्याचा वाटा ४८०० डॉलर होईल. एवढ्यावर त्याला एकट्याने अर्ज करता येत नाही. अशा वेळी शेजारचे जिल्हे एकत्र येऊन संयुक्त अर्ज करतात.

३. अर्जाची तयारी

अर्ज राज्याच्या शिक्षण खात्याकडे जातो. त्याची तयारी मात्र प्रवेशाच्या दिवशीच सुरू होते. पालकांना साधे प्रश्न विचारले जातात : मूल प्रथम कोणती भाषा शिकले? घरात बहुधा कोणती भाषा बोलली जाते? उत्तर इंग्रजीखेरीज दुसरे आले, तर प्रवेशापासून ३० दिवसांच्या आत मुलाची इंग्रजीची चाचणी घेतली जाते. त्यातून यादी तयार होते आणि यादीवरून जिल्ह्याचा वाटा ठरतो.

अर्जासोबतच्या योजनेत मुख्यतः तीन कामे दाखवावी लागतात : (अ) मुलांना भाषा शिकविण्याचा परिणामकारक कार्यक्रम, (आ) शिक्षकांचे प्रशिक्षण, (इ) पालक व समाज यांचा सहभाग. ज्या भाषेतून शिकवावयाचे ती शिक्षकास अस्खलित येते, असे प्रमाणित करावे लागते. योजना आखताना शिक्षक व पालक यांचा विचार घेणे आवश्यक असते. कचेरीच्या खर्चास २ टक्क्यांहून अधिक रक्कम वापरता येत नाही.

४. भर घालावी, जागा घेऊ नये

या अनुदानाचा मुख्य दंडक असा की, त्याने मूळ खर्चात भर घालावी, मूळ खर्चाची जागा घेऊ नये. या मुलांना शिकविणे हे जिल्ह्याचे कायद्याने ठरलेले कर्तव्यच आहे. ज्या शिक्षकाचे वेतन जिल्ह्याने एरवी द्यावयासच हवे, ते या पैशातून देता येत नाही. जादा शिकवणी, पालकांसाठी वर्ग, शिक्षकांचे शिबिर यांसाठी तो वापरता येतो.

या दंडकामागील शहाणपण २०२५ साली दिसून आले. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या अंदाजपत्रकी प्रस्तावात हे अनुदान बंद करण्याची सूचना होती, आणि जुलै महिन्यात मंजूर रक्कमही काही आठवडे रोखून धरून नंतर मोकळी करण्यात आली. त्या काळातही मुलांना शिकविण्याची जबाबदारी संपली नव्हती. अनुदान मागेपुढे होते. कर्तव्य होत नाही.

५. आपणांसाठी बोध

आपली शासनव्यवस्था निराळी आहे. तथापि भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे आपल्या संविधानाचा अनुच्छेद ३५०-अ सांगतो. तो १९५६ साली सातव्या दुरुस्तीने घालण्यात आला. आपल्या जनरल रजिस्टरातही ‘मातृभाषा’ हा रकाना आहे.

या रकान्याविषयी एक कबुली देणे मला भाग आहे. नोकरीच्या आरंभी मी एका गावी शिक्षक असताना या रकान्यात सरसकट ‘मराठी’ लिहीत गेलो. कोणाही पालकास विचारले नाही. एक मुलगी दोन वर्षे वर्गात बोलली नाही. एके दिवशी तिची आजी तिला न्यावयास आली आणि ती मुलगी व्हरांड्यात आजीशी कोरकूत घडाघडा बोलू लागली. मुकी ती मुलगी नव्हती. माझे रजिस्टर खोटे होते. तिला साहाय्य मिळवून द्यावे असे कोणाच्या मनात आले असते, तरी कागदावर ती नव्हतीच.

म्हणून विनंती अशी की, नवे नाव दाखल करताना पालकांस घरची भाषा विचारावी आणि जे उत्तर मिळेल तेच लिहावे. सोय पुढे केव्हा होईल हे आपल्या हाती नसते. नोंद आपल्या हाती असते.

केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत किती मुलांच्या घरची भाषा शाळेच्या भाषेहून भिन्न आहे? रजिस्टरातील नोंदी पडताळून पाहा.
२. ‘भर घालावी, जागा घेऊ नये’ हे तत्त्व आपल्या शाळेस मिळणाऱ्या निधीस कसे लागू पडेल?
३. पहिल्या महिन्यात अशा मुलाशी बोलण्यासाठी त्याच्या घरच्या भाषेतील कोणते वीस शब्द आपण शिकाल?