गेलेलं पाणी परत कुठून येतं?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीच्या हौसेखातर घरात चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी प्रवाळांची टाकी केली आहे. ताशी ८,००० लिटर पाणी फेकणारा पंप उजव्या काचेवर लावला आहे. तरीही मागच्या कोपऱ्यात दगडांच्या आड गाळ साचतो आणि पंपासमोरच्या हॅमर कोरलचं मांस एका बाजूने सुटत चाललं आहे. दुकानदार म्हणतात, आणखी मोठा पंप घ्या. घ्यावा का? घेतला तर कुठे लावायचा? आणि प्रवाळांना मुळात एवढं हलतं पाणी लागतं कशाला? जाता जाता आणखी एक : माझा भाऊ रत्नागिरीला असतो. समुद्र दारातच आहे, तर तिथूनच प्रवाळ आणून अशी टाकी करता येईल का, असं तो विचारतो.

उत्तर : दुसरा पंप जरूर घ्या, पण आहे त्याहून मोठा नको. आणि तो आणण्याआधी दगड हलवा. असं का, हे कळण्यासाठी तुमचा तिसरा प्रश्न आधी घेऊ.

मासा भूक लागली की खाद्याकडे जातो, गुदमरला की वर येतो. प्रवाळ जागा सोडत नाही. त्याला लागणारा प्राणवायू, खाद्याचे कण, सांगाडा बांधायला लागणारं कॅल्शियम हे सगळं पाण्याने त्याच्याकडे आणायचं आणि त्याने टाकलेलं सगळं पाण्यानेच उचलून न्यायचं. पण बाहेर पाणी कितीही जोरात वाहत असलं तरी प्रवाळाच्या अंगालगतचा पाण्याचा एक अगदी पातळ थर जवळपास थांबलेला असतो. त्या थरातून पदार्थ झिरपत, सावकाश पार होतात. पावसाळ्यात वारा पडला की दांडीवरचे कपडे वाळत नाहीत, कारण कपड्यांभोवतीची दमट हवा जागची हलत नाही. प्रवाळाचंही तसंच होतं. बाहेरच्या पाण्याचा वेग वाढला की हा थर पातळ होतो आणि देवघेव सुधारते. दिवसा तर ती फारच निकडीची असते. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं उजेडात इतका प्राणवायू तयार करतात की तो वेळीच धुऊन गेला नाही, तर त्याच पेशींना अपाय होतो. दिवे मालवले की शैवालांचं काम थांबतं, आणि मग तोच प्राणवायू बाहेरच्या पाण्यातून घ्यावा लागतो.

प्रवाळ याबाबतीत अगदीच हतबल आहे असं मात्र नाही. वाइझमान इन्स्टिट्यूट आणि एमआयटी इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, की प्रवाळाच्या त्वचेवरचे बारीक केस सतत वल्ह्यांसारखे हलत राहतात आणि त्या थांबलेल्या थरात छोटे भोवरे उठवतात. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. इतकी वर्षं आपण ज्याला जागचा न हलणारा म्हणत होतो, तो स्वतःपुरतं पाणी ढवळत होता. पण या भोवऱ्यांची धाव मिलिमीटरभराची. त्यापुढचं काम समुद्रानेच करायचं, आणि घरात समुद्राच्या जागी तुमचा पंप आहे. वाहत्या पाण्याचं मोल समुद्रातही दिसलं आहे : १९९८ साली समुद्र तापून जगभर प्रवाळ पांढरे पडले. त्यानंतर ओकिनावातल्या प्रवाळांवर काम करणाऱ्या नाकामुरा आणि व्हान वूसिक यांनी २००१ मध्ये मांडलं, की कोण जगलं आणि कोण मेलं यातला काही फरक पाण्याच्या वेगामुळे होता. जिथे पाणी वेगाने वाहत होतं, तिथे प्रवाळ तगले.

आता तुमच्या पंपाकडे. खोक्यावरचा आकडा ताशी ८,००० लिटर. दगड-वाळू वजा जाता तुमच्या टाकीत साधारण ३५० लिटर पाणी असेल. म्हणजे तासाला टाकी वीसहून अधिक वेळा फिरते, आणि मृदू प्रवाळांसाठी दहा ते वीस पट, कठीण प्रवाळांसाठी त्याहून जास्त, या रूढ हिशेबात तुम्ही बसता. पण एक गणित करून पाहा. तेवढंच पाणी टाकीच्या अख्ख्या छेदातून, म्हणजे दोन फूट रुंद आणि जवळपास तितक्याच खोल अशा तोंडातून, सगळीकडे सारखं ढकललं, तर त्याचा वेग निघतो सेकंदाला पाऊण सेंटिमीटरपेक्षाही कमी. बहुतेक प्रवाळांना निदान पाच ते वीस सेंटिमीटर हवेत. मग हा फरक भरून कसा निघतो? पंपाचा झोत जाताना आजूबाजूचं पाणी ओढून नेतो. ते पाणी फिरून परत पंपाशी आलं, की त्याला पुन्हा धक्का मिळतो. असं होत होत अख्ख्या टाकीतलं पाणी एकाच दिशेने फिरू लागतं आणि काचांचं नि दगडांचं घर्षण आड येईपर्यंत वेग घेत राहतं. याची एकच अट आहे : गेलेल्या पाण्याला परत यायला मोकळी वाट हवी.

तुमच्या टाकीत ती वाट दगडांनी बुजलेली आहे, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. मागच्या काचेला टेकवून रचलेली दगडांची भिंत दुकानातल्या छायाचित्रांत छान दिसते, पण तिच्यामागे पाणी जात नाही. तिथे मासळीची विष्ठा आणि उरलेलं खाद्य बसतं, कुजतं, आणि नायट्रेट वाढतं. म्हणून दगड चारही काचांपासून चार-सहा बोटं सोडून मधोमध बेटासारखे रचा. खाली कमानी ठेवा, तळाशी मोठे सपाट दगड पसरू नका. हे काम टाकी भरलेली असताना जिवावर येतं. पण एक एक दगड, दोन-तीन आठवड्यांत उरकता येतं.

मग पंप. तो आडव्या छोट्या काचेवर, पाण्याच्या पातळीखाली चार-पाच बोटांवर, पण समोरच्या लांब काचेजवळ आणि तिच्याशी समांतर लावा. झोत दगडांवर न आदळता मोकळ्या पाण्यातून लांबवर जाईल, पलीकडच्या काचेला लागून वळेल आणि बेटाच्या मागून, काही तळातूनही, परत येईल. येताना गाळ उचलून ओव्हरफ्लोकडे, म्हणजे पाणी खालच्या टाकीत उतरतं त्या तोंडाकडे आणेल. दुसरा पंप साधारण याच ताकदीचा घ्या आणि पलीकडच्या आडव्या काचेवर, मागच्या लांब काचेजवळ लावा. म्हणजे दोघं एकाच फेऱ्यात पाणी ढकलतात. दोन पंप एकमेकांच्या तोंडावर रोखून एकाच वेळी चालवले, तर मध्यावर खळबळ उडते, पण दोन्ही झोत एकमेकांचा जोर खाऊन टाकतात आणि टोकं मरगळलेली राहतात. माझं मत ठामपणे फेऱ्याच्या बाजूने आहे. मात्र दिशा बदलती ठेवा. समुद्रात भरती-ओहोटीने प्रवाह उलटतो, तेव्हा प्रवाळाची मागची कड कधीतरी पुढची होते. त्यासाठी अधूनमधून पुढचा पंप मागच्या आणि मागचा पुढच्या लांब काचेजवळ सरकवा, म्हणजे फेरा उलटा फिरतो.

हॅमर कोरलचं दुखणं यातच आहे. ढोबळ गणिताने, पाच सेंटिमीटर व्यासाच्या तोंडातून निघताना तुमच्या झोताचा वेग सेकंदाला एक मीटरहून जास्त आहे, आणि झोताच्या मध्यरेषेवर, सुरुवातीचं थोडं अंतर सोडलं की, तो अंतराच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे दुप्पट अंतरावर निम्मा. त्यामुळे वीतभर अंतरावर प्रवाळ ठेवला तर त्याला जवळपास पूर्ण तडाखा बसतो, तोही सतत एकाच बाजूने. मऊ मांस स्वतःच्याच सांगाड्याच्या धारेवर घासतं आणि फाटतं. त्याला फेऱ्याच्या आतल्या, मंद भागात, झोतापासून दूर ठेवा. त्याची बोटं हळू डोलायला हवीत. एकाच दिशेला ताणून धरलेली दिसली की वेग जास्त आहे. अ‍ॅक्रोपोरासारखे फांद्यांचे प्रवाळ वर, वेगवान पाण्यात चांगले वाढतात, आणि तिथे त्यांच्या फांद्या जाड होतात. समुद्री पंखे स्वतःच प्रवाहाला आडवे वाढतात, म्हणून लावतानाही तसेच लावा. डिस्कोसोमासारख्या मशरूम प्रवाळांना तळाशी शांत जागा द्या.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. काचेवर ३० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा, चिमूटभर बारीक चुरलेलं खाद्य सोडा आणि कण एका खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत जातो ते पाहा. दोन-तीन सेकंद लागले तर दहा-पंधरा सेंटिमीटरचा वेग आहे, तो पुरेसा. कण जिथे घुटमळून खाली बसतात ती तुमची मेलेली जागा. हवाई विद्यापीठातल्या मॅक्सवेल डोटी यांनी १९७१ मध्ये समुद्रतळावर जिप्समचे ठोकळे ठेवून, किती विरघळले त्यावरून पाण्याची हालचाल मोजली होती. तीच युक्ती पुढे प्रवाळांच्या अभ्यासकांनी वापरली. तुमच्या मुलीला हा प्रयोग आवडेल, पण तो जुन्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत करा, चालू टाकीत नको.

वेव्हमेकरच्या, म्हणजे पंप तालात कमी-जास्त करून उठवलेल्या लाटांचा मोह आवरा. तुमच्या लांबीच्या टाकीत पाणी दर सुमारे १.३ सेकंदाला एक झोका घेतं. पंपाचा ठेका त्याच्याशी जुळला की लाट चढत जाते. दिसायला मोहक आहे, पण काचांच्या सांध्यांवर आणि स्टँडवर रोज हजारो धक्के बसतात.

पाण्याचा पृष्ठभाग मात्र थरथरता राहायलाच हवा. २६ अंश तापमानाला समुद्राच्या पाण्यात लिटरला जेमतेम साडेसहा-पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, गोड्या पाण्याहून कमी. वर तेलकट साय धरली तर रात्री मासे धापा टाकतात. खालच्या टाकीतला, म्हणजे सम्पमधला रिटर्न पंप या सगळ्यात धरू नका. त्याचं काम पाणी गाळणीपर्यंत नेऊन परत आणण्याचं, आणि तासाला टाकीच्या तीन ते पाच पट एवढं त्याला पुरे. वीज गेली की मात्र तोच घात करतो. रिटर्नच्या नळीतून पाणी उलटं खाली येतं आणि सम्प भरून वाहतो. नळीला पाण्याच्या पातळीलगत एक छोटं भोक पाडलेलं असावं, म्हणजे हवा शिरून ओढ तुटेल. ते शेवाळाने बुजतं, म्हणून अधूनमधून तपासा. आज संध्याकाळी स्वतः बटण बंद करून पाहा, पाणी कुठवर चढतं ते. तुमच्याकडे हिमवादळात वीज जाते. एखादा पंप बॅटरीवर चालेल अशी सोय ठेवा, बाकी दिवे वगैरे दोन दिवस बंद राहिले तरी चालतात. आणि पंपाच्या तोंडावर जाळी हवीच. समुद्रफूल रात्री सरकत सरकत पंख्यात गेलं, तर सकाळी अख्ख्या टाकीचं पाणी नासलेलं असतं.

तुमच्या भावाला मात्र नाही म्हणून सांगा. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्री पंखे या सगळ्यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. समुद्रातून ते काढणं किंवा घरी बाळगणं हा गुन्हा आहे. रत्नागिरी-मालवणच्या खडकांवरचे प्रवाळ आधीच कठीण जागी जगतात. पावसाळ्यात नद्यांचा गाळ त्यांच्यावर बसतो आणि लाटाच तो झटकतात. म्हणून तिथे जास्त करून गोलसर किंवा खडकाला चिकटून पसरणारे प्रकार दिसतात. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झालं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेल्या आंग्रिया बँकेवर, सुमारे वीस मीटर खोलीवर फांद्यांचे प्रवाळही आहेत. तिथे जाणं सोपं नाही, पण मालवण भावाला जवळ आहे. पाऊस संपून पाणी निवळलं की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास तोंडावर काच लावून प्रवाळ पाहता येतात. पोहताना फक्त तळाला पाय टेकवायचे नाहीत.