जुन्या जिप्सीचं पायताण

प्रश्न : आमच्याकडे वडिलांनी घेतलेली १९९९ ची जिप्सी किंग आहे. साखरप्याजवळ कलमांची बाग आहे. डांबरी सोडल्यावर तीन किलोमीटर जांभ्याची कच्ची वाट, मध्ये एक पऱ्या. महिन्यातून दोनदा आंबा घाट चढून कोल्हापूरला जाणं होतं. सध्याचे २०५/७० आर १५ टायर पार गोटा झालेत. टायरवाला म्हणतो, २३५/७५ आर १५ टाका, गाडी भरून दिसते. मित्र म्हणतो, टाकायचेच तर ३१ इंची टाक. आणि वडिलांच्या कागदांत सापडलेल्या माहितीपुस्तकात 'एफ ७८-१५' असं माप आहे, ते तर कुणालाच कळत नाही. घ्यायचं काय?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आधी त्या 'एफ ७८-१५'चा उलगडा करू, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. ही मापं लिहायची जुनी अमेरिकी पद्धत. पहिलं अक्षर टायर किती भाराचा ते सांगतं. ई पेक्षा एफ मोठा, एफ पेक्षा जी. ७८ म्हणजे टायरची उंची त्याच्या रुंदीच्या ७८ टक्के आणि १५ म्हणजे डिस्कचा व्यास इंचांत. आपण ज्याला नायलॉन टायर म्हणतो त्या काळातलं हे माप आहे. आजच्या रेडियलच्या भाषेत ते साधारण २०५/७५ आर १५ च्या घरात जातं. म्हणजे तुमच्या गाडीला सध्या आहेत ते टायर मूळ टायरपेक्षा किंचित बुटकेच आहेत.

आता हिशेब. २०५/७० आर १५ मध्ये २०५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. तिचे ७० टक्के, म्हणजे १४३.५ मिलिमीटर, ही एका बाजूची उंची. अशा दोन बाजू आणि मध्ये १५ इंचांची, म्हणजे ३८१ मिलिमीटरची डिस्क. बेरीज ६६८. याच रीतीने २१५/७५ चा व्यास ७०३ येतो, २३५/७५ चा ७३३ आणि मित्राच्या ३१ इंचीचा ७८७. कागदावर विश्वास नसेल तर खडू घ्या. टायरच्या खालच्या टोकाला आणि त्याच रेषेत जमिनीवर एक खूण करा, गाडी सरळ ढकला आणि टायरवरची खूण पुन्हा खाली आली की तिथे दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. तो चाकाचा परीघ, त्यावरून व्यास काढा. गणितापेक्षा थोडं कमीच भरेल, कारण गाडीच्या वजनाने टायर खाली दबलेला असतो. नव्या मापाचा टायर कुणाच्या गाडीला असेल तर तिथेही हेच करा. दुकानातल्या चर्चेपेक्षा हे अर्धा तास उन्हात वाकणं जास्त कामाचं.

टायरवाल्याच्या २३५ ने काय होईल? व्यास ६६८ चा ७३३ झाला, म्हणजे चाक जवळपास दहा टक्क्यांनी वाढलं. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ च्या वेगाने धावत असेल. किलोमीटरही कमी मोजले जातील. खरे दहा हजार झाले की मीटरवर ९,१०० दिसतील. म्हणून 'टायर बदलले आणि अॅव्हरेज पडलं' ही तक्रार अर्धी खरी असते आणि अर्धी मीटरची लबाडी. खरा भुर्दंड घाटात भरावा लागतो. तुमच्या गाडीचं इंजिन १२९८ सीसीचं, पेट्रोलवरचं, आणि त्याचा जोर वरच्या फेऱ्यांत. चाक दहा टक्के मोठं झालं की प्रत्येक गिअर तेवढाच उंच होतो. आंबा घाटात आज जी चढण तिसऱ्यात निघते तिथे दुसरा टाकावा लागेल, आणि पाचवा गिअर कोल्हापूरच्या सपाटीपुरता उरेल. ब्रेकचंही तेच: चाक जितकं मोठं तितकी ते थांबवायला ताकद जास्त, आणि मागचे ड्रम आहेत तेच राहणार.

यात एक गोष्ट मात्र टायरवाल्याच्या बाजूने बोलते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मागच्या-पुढच्या अॅक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा हा या गाडीचा सर्वांत खालचा भाग, आणि तो फक्त टायरनेच वर जातो. बाजारात लिफ्ट किट म्हणून जे मिळतं ते बॉडी उचलतं. गोळा होता तिथेच राहतो. २३५ ने तो ३३ मिलिमीटर वर जाईल, २१५ ने १८. जिप्सीचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स २१० आहे. पऱ्यातल्या धोंड्यांवर ३३ मिलिमीटर ही खरी कमाई आहे, हे मान्य.

पण ती पदरात पाडायला बाकी गाडीची तयारी लागते. मूळ डिस्क साडेपाच इंच रुंदीची. २३५ च्या टायरला किमान सहा इंचांची डिस्क हवी. अरुंद डिस्कवर तो चढतो, पण फुग्यासारखा फुगतो आणि मधोमध झिजतो. मग डिस्क बदला. रुंद डिस्क बाहेर आली तर चिखल दारांवर, आत गेली तर पाट्यांशी भांडण. हे भांडण मी स्वतः विकत घेतलं होतं. माझ्या जिप्सीला हौसेने २३५ टाकले आणि वरंध घाटातल्या पहिल्याच आखूड वळणावर स्टिअरिंग पूर्ण वळवलं तसा पुढून खर्रर्र आवाज आला. बेअरिंग गेलं समजून खाली उतरलो, वाकून पाहिलं, काही दिसेना. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. घरी येऊन चाक काढलं तेव्हा टायरच्या आतल्या भिंतीवर दोन बोटं रुंदीचा गुळगुळीत पट्टा पडलेला आणि पाट्याची कड रबराने काळी झालेली. नंतर स्टिअरिंगचा स्टॉपर बाहेर घेतला. आवाज गेला, पण गाडीला वळायला बैलगाडीइतकी जागा लागू लागली. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जिप्सीत जागेवर चाक वळवताना खांद्यांनी जे सोसलं ते वेगळंच. ३१ इंचीबद्दल म्हणूनच फार लिहीत नाही. त्यासाठी गाडी उचलावी, कापावी आणि गिअरचं प्रमाण बदलावं लागतं. मित्राला त्याच्या गाडीत टाकू द्या.

आता रुंदीचं. 'रुंद टायर चिखलात चांगला' हे वाक्य अर्धवट आहे. तुमच्या वाटेवर खाली कातळ आहे आणि वर पावसाळ्यात वीतभर लाल राड. अशा ठिकाणी अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक थराला जाऊन भिडतो आणि पकड घेतो. रुंद टायर त्याच राडीवर तरंगत बाजूला घसरतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे ६.००-१६ टायर आज सायकलचे वाटावेत इतके अरुंद, पण त्यांनी युरोपचा चिखल तुडवला. रुंदी कामाला येते ती जिथे खाली टणक काही लागतच नाही तिथे, म्हणजे खोल वाळूत किंवा भाताच्या खाचरात. खाचरात तुम्ही गाडी घालणार नाही. वाळूवरही घालू नका. वेळासपासून गुहागरपर्यंतच्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात.

आणि खरी रुंदी फुकट मिळते, हवा कमी करून. डांबरीवर पुस्तकात सांगितली तेवढी हवा ठेवा. बागेच्या वाटेला लागताना ती १८ पौंडांपर्यंत उतरवली की टायर पसरतो, दगडाला मिठी मारतो आणि पकड जितकी सुधारते तितकी दोन मापं वाढवूनही सुधारत नाही. तुमच्या टायरांत ट्यूब असेल तर १८ च्या खाली जाऊ नका. टायर डिस्कवर फिरतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि वॉल्व्ह मुळासकट उपटला जातो. वेग २० च्या आत ठेवा, आणि डांबरीला लागताना हवा पुन्हा भरा. सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप गाडीत असू द्या.

तर माझं मत २१५/७५ आर १५, ऑल टेरेन नक्षीचा. मूळ एफ ७८ शी ताडून पाहिलं तर हा व्यासाने जेमतेम दोन टक्के मोठा. साडेपाच इंची डिस्कवर तो नियमात बसतो, पाट्याला लागत नाही आणि तिसरा गिअर तिसराच राहतो. शिवाय हे बोलेरोचं माप. रत्नागिरी-कोल्हापूर पट्ट्यात बोलेरो दर वळणावर एक, त्यामुळे रात्री-अपरात्री फाटला तरी टायर मिळेल. नक्षी मड टेरेनची घेऊ नका. ते मोठाल्या दातांचे टायर चिखलात राजे, पण ओल्या डांबरीवर बेभरवशाचे, आणि तुमच्या फेरीतली डांबरीच जास्त. दुकानदार 'पिकअपचा जाड प्लायचा घ्या, जन्मभर टिकेल' म्हणेल, त्यालाही नको म्हणा. भाराचा आकडा ९७ असला तर एक टायर ७३० किलो पेलतो, चार मिळून २,९२०. तुमची गाडी आंब्याच्या पेट्यांसकट त्याच्या जवळपासही जात नाही. हलक्या गाडीखाली जाड टायर वाकतच नाही. मग दगडावर उडी मारतो आणि कंबर तुमची मोडतो.

घ्याल तेव्हा पाच घ्या, चार नव्हे. जिप्सीच्या फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही. लिव्हर टाकला की दोन्ही एकाच गतीने फिरतात. पुढे नवे आणि मागे जुने टायर असले, व्यासात फक्त एक सेंटीमीटरचा फरक असला, तरी किलोमीटरला सात फेऱ्यांचा फरक पडतो. राडीत चाकं घसरून तो जिरवतात. कोरड्या डांबरीवर तो ट्रान्सफर केसच्या पोटात साठत जातो आणि लिव्हर निघता निघत नाही. स्टेपनी जुन्या मापाची असली तर तीच गत. मोठी स्टेपनी मागच्या दारावर टांगल्यावर बिजागऱ्या ढिल्या होतात, त्यांच्याकडे वर्षातून एकदा बघा.

ट्यूबलेस घेणार असाल तर आधी डिस्क तपासून घ्या. जुन्या ट्यूबवाल्या डिस्कला आतून टायर धरून ठेवणारा उंचवटा नसतो. तिथे ट्यूब घालूनच चालवा. आणि बिल करण्याआधी टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. '३४२४' असेल तर तो २०२४ च्या चौतिसाव्या आठवड्यातला. कमी खपाच्या मापांत तीन-तीन वर्षं रॅकवर पडलेले टायर 'नवे' म्हणून गळ्यात मारले जातात.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी घट्ट केलं. काटेकोर बोलायचं तर २१५ सुद्धा कंपनीचं माप नव्हे. विम्याच्या दाव्यात कुणी बोट ठेवू नये असं वाटत असेल तर २०५/७० च घ्या, नक्षी ऑल टेरेनची घ्या आणि हवेचा खेळ शिका. पऱ्या त्यानेही पार होतो. गोटा झालेल्यांवर मात्र आता एक फेरीही नको. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर नियमबाह्य आहे आणि आंबा घाटातल्या धुक्यात तर आत्मघातकी.

प्रश्न : माझ्याकडे जुनी महिंद्रा जीप आहे, ६.००-१६ टायरांची. तिला २३५/७५ आर १५ चालतील का? जिप्सीवाले म्हणतात, फार मोठे होतात.
– एक वाचक, भोर

उत्तर : जिप्सीला मोठे, तुम्हाला नाही. ६.००-१६ चा व्यास सुमारे ७३० मिलिमीटर आणि २३५/७५ आर १५ चा ७३३. म्हणजे उंची जवळपास तीच. काटा, गिअर, घाट सगळं होतं तसंच राहील. बदलेल ती रुंदी, आणि १६ ऐवजी १५ ची डिस्क लागेल. जीप आणि जिप्सी, दोन्हींचे पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळावर असतात, त्यामुळे भंगारबाजारातली डिस्क बसेल. पण मधलं भोक हबवर बसतं का आणि पूर्ण वळवल्यावर टायर पाट्यापासून एक बोट तरी लांब राहतो का, हे पैसे देण्याआधी एक चाक लावून बघा. वळवताना एक पुढचं चाक दगडावर चढवा. सपाटीवर न लागणारा टायर तिथे लागतो.