खेळाचे बूट कसे निवडावेत?



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी मला खेळावर लेख लिहायला सांगितला. मी बुटांवर लिहायचे ठरवले. बुटांवरच का, ते पुढे कळेल.

दिवाळीच्या सुट्टीत मी नाशिकला मामाकडे गेले होते. माझा मामेभाऊ नववीत आहे. तो शाळेच्या संघात बास्केटबॉल खेळतो. हा खेळ मी पहिल्यांदाच जवळून पाहिला. त्याचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. दोन्ही संघांचे पाच-पाच खेळाडू खेळतात. चेंडू ज्या कडीतून टाकायचा ती जमिनीपासून १० फूट उंच असते. दादा म्हणाला की, हा खेळ १८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने शोधून काढला. थंडीच्या दिवसांत मुलांना घरात खेळता यावे म्हणून त्यांनी फळांच्या दोन टोपल्या वर टांगल्या. बास्केट म्हणजे टोपली. मला हसू आले. ते गुरुजी आपल्या देवळा तालुक्यात असते तर त्यांनी डाळिंबाचे क्रेट टांगले असते!

दादाचे बूट घोट्याच्या वरपर्यंत होते. मी विचारले, "एवढे उंच कशाला?" तो म्हणाला, "या खेळात सरळ धावायचं कमी असतं. धावायचं, एकदम थांबायचं, बाजूला वळायचं आणि उडी मारायची. खाली येताना कधी कधी दुसऱ्याच्या पायावर पाय पडतो आणि घोटा मुरगळतो. उंच बुटाने घोट्याला थोडा आधार मिळतो. पण उंच बूट घातला म्हणजे पाय मुरगळतच नाही असं नाही हं. नीट उतरायलाही शिकावं लागतं."

मग त्याने बूट उलटा करून दाखवला. खाली रबराचा रुंद, सपाट तळ होता. त्यावर माशाच्या काट्यासारखी नक्षी होती. ती सिमेंटवर घट्ट धरते, म्हणून पाय घसरत नाही. आत जाड गादी होती. उडी मारून खाली येताना पायाला जो दणका बसतो, तो गादीमुळे कमी लागतो.

मी विचारले, "हे घालून मी शर्यतीत पळू का?" दादा म्हणाला, "नको. हे जड आहेत. पळायचे बूट हलके असतात आणि चवड्याजवळ सहज वाकतात. ज्या खेळाला जे बूट, तेच घालावेत." हा माझा पहिला धडा.

दुसरा धडा मला शर्यतीत मिळाला.

आमच्या केंद्राच्या क्रीडा स्पर्धांसाठी चार मुलींच्या रिले संघात माझी निवड झाली. आबा उमराण्याच्या बाजारात कांदे घेऊन गेले होते. कांद्याला भाव नव्हता, तरी येताना त्यांनी माझ्यासाठी नवे पांढरे बूट आणले. जाताना आजीने त्यांना सांगितले होते, "पोर वाढी ऱ्हायनी, मोठाच ले." म्हणून आबांनी चार नंबरचे बूट आणले. मला दोन नंबरचे लागतात. बूट पाहून मी खूप नाचले. पण पायात घातल्यावर टाच आत वरखाली होऊ लागली. मी कोणाला काही सांगितले नाही. पुढे चिंधी कोंबली आणि नाडी करकचून बांधली.

स्पर्धेच्या दिवशी मी तिसऱ्या टप्प्याला धावत होते. आम्ही पुढे होतो. वळणावर माझी टाच बुटातून निघाली आणि मी पडले. बॅटन लांब जाऊन पडला. मी उठून धावले, पण आमचा चौथा नंबर आला. गुडघा फुटला होता आणि टाचेला फोडही आला होता. पण त्याचे मला एवढे वाईट वाटले नाही. माझ्या तिघी मैत्रिणी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, त्याचे जास्त वाईट वाटले.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझा बूट हातात घेतला आणि आतली चिंधी बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्व वर्गाचे पाय मोजायला लावले. कागदावर उभे राहायचे आणि दुसऱ्याने पेन्सिल उभी धरून पायाभोवती रेघ काढायची. मग टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत पट्टीने मोजायचे. माझा पाय साडेएकवीस सेंटिमीटर भरला. निम्म्याहून जास्त मुलांचे बूट मोठे निघाले. दोघांचे लहान निघाले.

बाईंनी आम्हांला नंबरचाही हिशेब सांगितला. आपल्याकडच्या नंबराची पद्धत इंग्लंडमधून आली. तिथे पूर्वी जवाच्या दाण्याच्या लांबीवरून मोजत. एक दाणा म्हणजे इंचाचा तिसरा भाग. एक नंबर वाढला की बूट एवढा लांब होतो. दोन नंबर वाढले की सुमारे १७ मिलिमीटर! म्हणून माझी टाच निघाली.

मी बाईंना विचारले, "मग अनवाणीच धावलेलं काय वाईट?" तेव्हा बाईंनी दोन धावपटूंची माहिती सांगितली.

इथिओपिया देशाचे अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटरहून जास्त अंतर. नवे बूट त्यांच्या पायाला नीट बसेनात, म्हणून ते अनवाणी धावले आणि सुवर्णपदक जिंकले. १९६४ साली टोकियोला ते बूट घालून धावले आणि तिथेही सुवर्णपदक जिंकले.

दुसऱ्या आपल्याच जिल्ह्यातल्या, कविता राऊत. त्यांचे गाव हरसूलजवळचे सावरपाडा. लहानपणी त्या अनवाणी धावत. पुढे २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाला २५ फेऱ्या! त्यांना 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणतात.

यावरून मला असे कळले की, बूट नाहीत म्हणून कोणी मागे राहत नाही. मैदानातले काटे, काचा आणि खडे वेचले तर अनवाणीही खेळता येते. पण मापात नसलेले बूट अनवाणी पायापेक्षाही वाईट.

बूट घेताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. पाय संध्याकाळी मोजावा. दिवसभर चालून पाय थोडा फुगतो.

२. माप उभे राहून घ्यावे. दोन्ही पाय मोजावेत. एक पाय थोडा मोठा असू शकतो. मोठ्या पायाचे माप धरावे.

३. शक्य असेल तर मुलाला दुकानात न्यावे. नाही तर मापाचा कागद तरी खिशात ठेवावा.

४. खेळताना जे मोजे घालणार, तेच घालून बूट पाहावा. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. त्याहून जास्त नको.

५. दुकानात चालून, थांबून आणि उडी मारून पाहावे. टाच निघता कामा नये.

६. बूट चवड्याजवळ वाकावा, मधोमध दुमडू नये.

७. मैदान पाहावे. सिमेंटवर सपाट, घट्ट धरणारा तळ चांगला. आपल्या मुरमाच्या मैदानावर थोडी खोल नक्षी हवी.

८. नुसता रंग आणि किंमत पाहू नये. मापातला स्वस्त बूट हा बेमाप महाग बुटापेक्षा चांगला.

९. मुलांचे पाय वाढतात. दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजावे.

आता शेवटचे. पालकसभेला आमचे आबा येतील आणि हा लेख वाचतील. आबा, बूट मोठे होतात हे मी तुम्हांला सांगितले नाही. कांद्याला भाव नसताना तुम्ही ते आणले होते, म्हणून माझी जीभ उचलली नाही. पण मी सांगितले असते तर पडले नसते आणि मैत्रिणीही हरल्या नसत्या. चूक बुटांची नाही, माझ्या गप्प बसण्याची आहे. मी ताईचा पाय कागदावर मोजून पाहिला. तिला ते बूट अगदी बरोबर बसतात, म्हणजे तुमचे पैसे वाया गेले नाहीत. माझ्या पायाचा कागद मी दप्तरात जपून ठेवला आहे. पुढच्या वेळी कांद्याला भाव आला की तो घेऊन जा. नाही आला तर मी अनवाणी धावेन, पण या वेळी पडणार नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. देवळा, जि. नाशिक